उपद्व्याप आणि बाईंची खुर्ची

सोफा दुरुस्तीला आला आणि त्यातून मांजर निघालं.

आजोबांनी सोफा पालथा घातला, तळाचं काळं कापड कापलं आणि आत हात घालून जुना काथ्या ओढायला सुरुवात केली, तेव्हा काथ्याचा एक गोळा त्यांना चावला. बाहेर काढून बघितला तर गोळा राखाडी होता, त्याला चार पाय होते आणि तो त्यांच्यावर फिसकारत होता. त्याच्या आईने बाकीची पिल्लं एकेक करून दुसरीकडे हलवली असावीत. याची पाळी यायच्या आत सोफाच टेम्पोत चढला होता.

आजोबांनी सोफ्याच्या मालकाला फोन लावला. मालकाने शांतपणे विचारलं, सोफा तुमच्याकडे कधी आला? काल, आजोबा म्हणाले. मग कालपासून सोफ्यात जे असेल ते तुमचं, असं म्हणून मालकाने वर आठवण करून दिली, की त्याच सोफ्याच्या फटीत त्याचं एक चांगलं पेन हरवलं होतं, ते सापडलं तर मात्र परत पाठवा.

पेन सापडलं नाही.

आजोबा आयुष्यभर खुर्च्या आणि सोफे दुरुस्त करत आले होते. त्यांच्या घराची पुढची खोली हीच कामाची खोली. एका भिंतीला कापडांचे तागे, दुसऱ्या भिंतीला फोमच्या लाद्या, कोपऱ्यात काथ्याचा ढीग, टेबलावर कात्र्या, दाभणं, सुतळीची रिळं. जिच्याशी मांजराच्या पिल्लाला खेळावंसं वाटू नये अशी एकही वस्तू त्या खोलीत नव्हती. आजोबांच्या हे पहिल्याच मिनिटाला लक्षात आलं आणि त्यांनी पिल्लाला दूधवाल्याच्या गोठ्यात पाठवायचं ठरवलं. पण दुसऱ्या मिनिटाला नात आत आली.

नातीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. त्या दिवशी मात्र ती उभी राहिली. पिल्लाला तिने पोटाशी धरलं आणि एक शब्द न बोलता आजोबांकडे बघत राहिली. भिंगरी बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे आजोबांना ठाऊक होतं.

"हे बघ," ते म्हणाले, "या टेबलाजवळ बाईंची खुर्ची आहे. ती खुर्ची तयार होऊन घराबाहेर पडेपर्यंत हे इथे राहील. तोवर खुर्चीवर एकसुद्धा ओरखडा उठला, तर त्याच दिवशी गोठा. आणि नाही उठला तर मग बघू."

"बघू म्हणजे राहील?"

"बघू म्हणजे बघू."

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. भिंगरीचे बाबा त्यांच्या हाताखाली शिकले होते आणि अजूनही रस्त्यात बाई दिसल्या की शर्टाचं वरचं बटण लावत. त्यांची वाचायची मोठी खुर्ची याआधी आजोबांनी एकदा दुरुस्त करून दिली होती आणि ती परत आली होती. बसले की उठता येत नाही, असं बाईंचं म्हणणं. आजोबांच्या हातची खुर्ची कधी परत येत नसे. म्हणून या खेपेला त्यांनी सगळ्या स्प्रिंगा नव्या बसवायला घेतल्या होत्या, कापड स्वतः निवडलं होतं आणि घरात सगळ्यांना बजावलं होतं, की या खुर्चीकडे बघायचं असेल तर लांबून बघा.

पिल्लाने लांबून बघितलं नाही.

पहिल्याच सकाळी ते खुर्चीच्या पाठीवर चढून बसलं. आजोबांनी उतरवलं. ते खुर्चीच्या हातावर चढलं. हातावरून उतरवलं तर तागे ठेवलेल्या फळीवर गेलं, तिथून त्याला खाली येता येईना, म्हणून ओरडायला लागलं. आजोबा स्टूल घेऊन आले, तोवर ते आपणहून उतरून सुतळीच्या रिळाशी मारामारी करत होतं. स्टूल परत ठेवताना आजोबांना आठवेना, की आपण नेमकं कोणतं काम अर्धवट टाकलं होतं.

भिंगरीच्या आईने वाळूचं खोकं करून दिलं. पिल्लाने खोकं हुंगलं, चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि काथ्याच्या ढिगावर जाऊन आपला कार्यक्रम उरकला. आजोबांनी तेवढा काथ्या काढून फेकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी ढिगावर गोणपाट टाकलं. पिल्लाला गोणपाट अधिकच आवडलं. शेवटी खोक्यातल्या वाळूवर थोडा काथ्या पसरला तेव्हा ते त्यात जायला लागलं. म्हणजे आजोबांचा चांगला काथ्या रोज मुठीमुठीने मांजराच्या सोयीला जाऊ लागला.

खाण्याची वेगळी तऱ्हा. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नुसत्या दुधावर ठेवू नका, पोट बिघडेल, थोडं थोडं मऊ खायला द्या. तर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून दिला की ते नाक मुरडून निघून जाई आणि डिंकाच्या भांड्यात तोंड घाली. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती. दोरा गिळला तर जिवावर बेतेल. त्यामुळे आजोबांना आयुष्यात पहिल्यांदा दोऱ्याचा प्रत्येक तुकडा कापल्याबरोबर उचलून डब्यात टाकावा लागत होता. दिवसातून इतक्या वेळा वाकायचं, की संध्याकाळी सून, म्हणजे भिंगरीची आई, विचारी, "अण्णा, कंबरेला तेल लावून देऊ का?" घरातली मोठी माणसं त्यांना अण्णा म्हणत.

"मला नको," आजोबा म्हणत. "त्या उपद्व्यापाला गोठ्यात सोडून या, कंबर आपोआप बरी होईल."

पिल्लाला ते उपद्व्याप म्हणत. नाव ठेवलं तर ते राहायचं ठरल्यासारखं होईल, असं त्यांना वाटे. म्हणून हे नाव नव्हेच, नुसतं वर्णन आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं होतं. पण पिल्लू 'उपद्व्याप' म्हटलं की कान टवकारायला लागलं होतं.

खरा उच्छाद झाला तो खिळ्यांचा. कापड ठोकायला लागतात ते बारीक खिळे आजोबा पूर्वी तोंडात धरत. ओठांत मूठभर खिळे, एकेक जिभेने पुढे काढायचा, बोटाने घ्यायचा आणि ठोकायचा. त्यांचे गुरू तसंच करत आणि गुरूंचे गुरूही. सून दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. लग्न होऊन घरात आल्यावर तिने पहिली गोष्ट कोणती केली असेल तर खिळ्यांसाठी एक स्टीलची वाटी आणून टेबलावर ठेवली. तोंड म्हणजे डबा नाही अण्णा, एवढंच ती म्हणाली होती. आजोबांनी कुरकुर करत का होईना, वाटीची सवय लावून घेतली होती.

पिल्लाने ती वाटी टेबलावरून ढकलली. खिळ्यांचा सडा पडला. आजोबांनी सगळे वेचले, वाटी टेबलाच्या मध्यावर ठेवली. पिल्लाने ती मध्यावरून कडेपर्यंत सरकवत नेली, एकदा आजोबांकडे बघितलं आणि ढकलली. तिसऱ्या खेपेला निसटलेला एक खिळा भिंगरीच्या बाबांच्या टाचेत गेला. ते टेम्पो चालवत आणि आजोबांचं सामान पोचवण्याचं कामही तेच करत. दोन दिवस ते लंगडत क्लच दाबत होते आणि प्रत्येक वळणावर मांजराच्या घराण्याचा उद्धार करत होते.

मग आजोबांनी, सून कामावर गेली की, खिळे पुन्हा तोंडात धरायला सुरुवात केली.

घरात जुना नियमच होता. आजोबांच्या तोंडात खिळे असले की त्यांच्याकडून उत्तराची अपेक्षा करायची नाही. फार तर ते मान हलवतील. आडवी हलवली की समोरचा 'का' म्हणून विचारी, उभी हलवली की निघून जाई. म्हणून ते बहुतेक वेळा उभीच हलवत.

इकडे भिंगरीने शिकवणी सुरू केली होती. पिल्लू खुर्चीवर चढलं की ती त्याला उचलून जमिनीवर ठेवी, "खाली" म्हणे आणि कानामागे खाजवी. ते पुन्हा चढे. ती पुन्हा उचले, पुन्हा "खाली". आजोबा बघत असत. एकदा त्यांनी सांगूनही टाकलं, की बाळ, मांजराला कुणी काही शिकवू शकलेलं नाही, तू उगाच घसा कोरडा करू नकोस.

"तुम्हीच सांगितलंय," ती म्हणाली.

तिने आठवण करून दिली. स्प्रिंगा बांधायची गाठ शिकताना तिची सुतळी दर वेळी सुटत होती आणि ती रडकुंडीला आली होती. तेव्हा आजोबा म्हणाले होते, शिकवायचं म्हणजे तेच सांगायचं, आणि पहिल्यांदा ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात सांगायचं. आवाज चढला की शिकणारा आवाजाकडे बघतो, गाठीकडे बघत नाही.

आपलंच वाक्य आपल्यावर उलटलेलं बघून आजोबांनी मूठभर खिळे तोंडात भरले. उत्तर न द्यायला तेवढी सबब पुरे होती.

आणि पिल्लू शिकलं. कधी शिकलं ते नेमकं सांगता येणार नाही, पण एके सकाळी ते बाईंच्या खुर्चीपाशी आलं, वर बघितलं, पुढचे पाय उचलले आणि भिंगरीने काही म्हणायच्या आत पुन्हा जमिनीवर ठेवले. त्यानंतर ते खुर्चीवर, सोफ्यावर, टेबलावर कशावरच चढेना. जिथे जाईल तिथे खालून जाई. टेबलाखाली, पलंगाखाली, ताग्यांच्या फळीखाली. आजोबांनी मुद्दाम एक जुनी गादी समोर ठेवून पाहिली. पिल्लू तिच्या खाली शिरायला लागलं. भिंगरीने आईला, बाबांना आणि दूधवाल्यालाही बोलावून दाखवलं. दूधवाला म्हणाला, गोठ्यात असं शिकलेलं मांजर आलं तर माझ्या म्हशींना लाज वाटेल.

आजोबा एवढंच म्हणाले, की खुर्ची अजून घरातच आहे.

खुर्ची पोचवायच्या दिवशी फक्त तळाचं कापड ठोकायचं राहिलं होतं. आजोबांनी खुर्ची पाठीवर आडवी निजवली. तळ उघडा आणि आत स्प्रिंगांच्या मधली काळोखी पोकळी. कापड मापाने कापून ठेवलं आणि ते जेवायला आत गेले. जेवून आले, टेम्पो यायच्या आत संपवायचं म्हणून तोंडात खिळे भरले, कापड तळावर ताणलं आणि ठोकायला लागले. हात वेगात चालला होता. असा चालायला लागला की मध्ये कुणी आलेलं त्यांना खपत नसे.

भिंगरीची दुपारची शाळा. दप्तर पाठीला लावून ती दारात आली.

"आजोबा, उपद्व्याप कुठे दिसत नाही. तुमच्याजवळ आहे ना? मी जाऊ?"

आजोबांनी मान हलवली. उभी.

ती गेली. टेम्पो आला. बापलेकांनी मिळून खुर्ची चढवली. मुलगा ती बाईंकडे उतरवून दुसऱ्या सामानासाठी परगावच्या रस्त्याला लागला. आजोबा खोलीत परत आले आणि त्यांना जाणवलं, की किती दिवसांनी खोलीत शांतता आहे.

त्यांनी एक तागा जमिनीवर उलगडला. कापडाच्या मधोमध कुणी येऊन बसलं नाही. त्यांनी खडूची रेघ मारली, ती सरळ आली. कात्री चालवली तर कात्रीच्या टोकावर कुणी झडप घातली नाही. सुतळीचं रीळ होतं तिथेच होतं. त्यांनी चहा करून घेतला आणि बसून, गरम असतानाच प्यायला. कामाची खोली अशी असते, हे ते विसरूनच गेले होते.

मग चहाचा कप ठेवायला ते आत गेले तेव्हा पिल्लाची बशी दिसली. दूध तसंच होतं. वर साय धरली होती.

आजोबा परत येऊन कामाला बसले. थोड्या वेळाने कात्री शोधायला म्हणून उठले आणि पलंगाखाली वाकून बघितलं. कात्री टेबलावर होती. पट्टी शोधायला म्हणून फळीखाली बघितलं. पट्टी त्यांच्या हातातच होती.

भिंगरी शाळेतून आली ती नेहमीसारखी हाक मारतच. उत्तराला काही आलं नाही.

"आजोबा, उपद्व्याप कुठाय?"

"असेल इथेच कुठेतरी."

"तुमच्याजवळ होतं ना? मी विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात."

"मी हो म्हणालो नाही," आजोबा म्हणाले. "मान हलवली."

भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. तिने दप्तर खाली ठेवलं आणि खोलीभर रांगत शोधायला लागली. आजोबा एव्हाना स्टुलावर चढून फळीच्या वर बघत होते, ताग्यांमध्ये हात घालत होते आणि बडबडत होते, की कुठे म्हणून शोधायचं या प्राण्याला, एक दिवस सुखाने काम करीन म्हटलं तर तेही नाही.

"वर बघू नका," भिंगरी टेबलाखालून म्हणाली. "ते वर नाही जाणार. मी शिकवलंय त्याला. खाली बघा, नाहीतर आत बघा."

आत.

आजोबा स्टुलावरून उतरले. जिथे दुपारी खुर्ची निजवली होती तिथे जमिनीवर काथ्याचे चार तंतू पडले होते. जमिनीलगत उघडा असलेला तळ. वर चढायला नको, उडी मारायला नको, नुसतं चालत आत जायचं. आणि आत नेमकं तेच, ज्यात ते जन्मलं होतं. काळोख, स्प्रिंगा, काथ्याचा वास. हातोडीच्या आवाजाला ते कधीच सरावलं होतं. त्या आवाजात ते झोपत असे.

त्यांनी बाईंना फोन लावला. वाजत राहिला. बाईंना कमी ऐकू येई आणि घरात त्या कानातलं यंत्र काढून ठेवत. दिवसभर माणसं बोलतात, घरात तरी शांतता हवी, असं त्या म्हणत. मुलाला फोन लावला, तो बंद. आजोबांनी हातोडी, पक्कड आणि सुरी पिशवीत टाकली, पायांत चपला अडकवल्या आणि निघाले. भिंगरी पुढे पळत होती, वळणावर थांबून मागे बघत होती, पुन्हा पळत होती.

"आजोबा, बाई खुर्चीवर बसल्या असतील का?"

"नवी खुर्ची आहे. बसणारच."

"मग?"

आजोबांना चालताना दम लागत होता, त्यामुळे त्यांना उत्तर टाळता आलं असतं. पण त्यांनी टाळलं नाही. त्यांनी सांगितलं, की माणूस बसला की स्प्रिंगा दबतात, मधल्या जास्त दबतात, कडेच्या कमी. खुर्चीच्या हातांच्या खाली दोन्ही बाजूंना थोडी जागा राहते. ते कडेला असेल तर काही होणार नाही.

"आणि मध्ये असेल तर?"

"झपझप चल," आजोबा म्हणाले.

मग ते स्वतःशीच पुटपुटत राहिले. एवढंसं जनावर, आणि सगळ्या घराच्या नाकी नऊ आणले. काय अडलं होतं त्याचं खुर्चीत शिरायला. वाळूचं खोकं दिलं, त्यात माझा काथ्या घातला, पलंगाखाली जुनं पांघरूण अंथरलं, आणि यांना हवी बाईंची खुर्ची. पुटपुटता पुटपुटता त्यांची चाल इतकी वाढली, की कोपऱ्यावर त्यांनी भिंगरीला गाठलं.

बाईंचं दार वाऱ्यासाठी उघडंच होतं. समोरच खिडकीपाशी खुर्ची होती आणि खुर्चीत, अगदी मधोमध, मागे रेलून, बाई पुस्तक वाचत बसल्या होत्या. कुणी आत आलेलं त्यांना ऐकू आलं नाही. भिंगरीने आजोबांचा हात घट्ट धरला.

बाईंनी मान वर केली. आजोबांना बघून त्यांनी पुस्तक मिटलं, शेजारच्या मेजावरचं यंत्र कानात घातलं आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, की तुम्ही येणार असं वाटलंच नव्हतं, पण आलात ते बरं झालं, कारण मला सांगायचंच होतं. ही आता खुर्ची झाली. बसते आणि उठते, कसलाही त्रास नाही. जेवण झाल्यापासून इथून हलले नाही.

खुर्ची परत आल्यापासून आजोबा हेच ऐकायची वाट बघत होते, आणि या घडीला त्यातलं एक अक्षरही त्यांना नको होतं.

एक खिळा राहिलाय, तेवढा बघून जातो, असं म्हणता आलं असतं. वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलंही. भिंगरी खालून त्यांच्याकडे बघत होती.

"बाई, उठा," ते म्हणाले. "हळूच उठा. खुर्चीत मांजराचं पिल्लू आहे."

"माझ्या खुर्चीत? कुणी घातलं?"

"घातलं कुणी नाही. ते गेलं. बंद मी केलं."

बाई दोन्ही हातांवर भार देऊन सावकाश उठल्या. आजोबांनी खुर्ची पाठीवर निजवली आणि तळाला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी बोटाने ठकठक केलं. पुन्हा काही नाही. त्यांनी पक्कड काढली आणि पहिला खिळा धरला. कापड न फाटता काढायचं तर प्रत्येक खिळा सरळ वर उपसावा लागतो, तिरका ओढून चालत नाही. पहिला निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्यावरून पक्कड सटकली.

"फाडा ना," भिंगरी म्हणाली.

आजोबांनी नवं कापड जन्मात फाडलं नव्हतं. जुनं फाडण्यापूर्वीसुद्धा ते एकदा त्यावरून हात फिरवत, कुणीतरी कधीतरी मन लावून बसवलं असेल म्हणून. त्यांनी पिशवीतून सुरी काढली, कडेला, जिथे आत काही असण्याचा संभव कमी तिथे, टोक घातलं आणि दुपारीच बसवलेलं कापड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चिरत नेलं.

आत काळोख होता. काहीच हललं नाही.

आजोबांनी हाक मारली. आवाज नको इतका मोठा निघाला. ते पुन्हा हाक मारणार तेवढ्यात भिंगरीने त्यांच्या दंडावर हात ठेवला, जमिनीवर बसली, तोंड त्या फटीजवळ नेलं आणि रोज म्हणत असे त्याच आवाजात म्हणाली, "खाली."

थांबली. पुन्हा म्हणाली, "खाली." तितक्याच आवाजात. आजोबांना दिसत होतं, की तिच्या हनुवटीला कंप सुटला आहे, पण आवाजाला नव्हता. तिसऱ्यांदाही तोच आवाज.

खुर्चीच्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, शेवटची स्प्रिंग आणि लाकूड यांच्या मधल्या बोळातून, आधी एक जांभई ऐकू आली. मग काथ्या चिकटलेल्या मिशा दिसल्या. मग उपद्व्याप बाहेर आलं, जमिनीवर उतरलं, पुढचे पाय लांब ताणून आळस दिला आणि तिघांकडे असं बघितलं, की जणू झोपमोड कुणी केली याचा त्याला आधी खुलासा हवा होता.

भिंगरीने त्याला उचललं आणि तोंड त्याच्या पोटात खुपसलं. आजोबा जमिनीवरच बसून राहिले.

"तरीच मी म्हणते," बाई म्हणाल्या, "उजवीकडून खुर्ची उबदार का लागत होती. मला वाटलं, तुम्ही काही नवीन सुधारणा केली."

आजोबांनी झाला प्रकार सांगितला. खिळ्यांचा, मान हलवण्याचा, सगळा. सांगताना त्यांनी बाईंकडे बघायचं टाळलं. बाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"माझ्या वर्गात मान हलवलेली चालत नसे," त्या म्हणाल्या. "तुमचा मुलगा सांगेल. उभं राहून तोंडाने उत्तर द्यावं लागे. हो म्हणताना पोरांना एकदा तरी विचार करावा लागतो. मानेला तो करावा लागत नाही."

"हो, बाई," आजोबा म्हणाले. तोंडाने.

बाईंनी खुर्ची सरळ करायला लावली, तिच्यात बसून मांडीवर थोपटलं आणि पिल्लाला ये म्हणून बोलावलं. पिल्लू भिंगरीच्या हातातून उतरून खुर्चीपाशी गेलं, वर बघितलं आणि खुर्चीखाली जाऊन बसलं. बाईंनी पुन्हा बोलावलं. ते हललं नाही. याला हे कुणी शिकवलं, बाईंनी विचारलं.

"आजोबांनी मला शिकवलं," भिंगरी म्हणाली, "आणि मी त्याला."

"फारच चांगलं शिकवलंत," बाई आजोबांना म्हणाल्या. "आता खुर्ची परत न्या."

दुसऱ्या दिवशी टेम्पो खुर्ची घेऊन आला. भिंगरीचे बाबा ती उतरवताना तोंडाने काही बोलले नाहीत, पण त्यांचे खांदे हसत होते. सुनेला खिळे तोंडात धरल्याचं कळलं होतं. तिने फक्त एक घट्ट झाकणाचा डबा आणून टेबलावर ठेवला आणि आजोबांना आ करायला लावून सगळे दात तपासले.

मग आजोबांनी गोठ्याचा विषय काढला. ठरलं होतं ते ठरलं होतं.

"खुर्चीवर एकही ओरखडा नाही," भिंगरी म्हणाली.

"कापड फाटलंय."

"ते तुम्ही फाडलंत."

आजोबांनी सुनेकडे बघितलं, मग मुलाकडे. दोघांनाही अचानक कामं आठवली. दूधवाला दारात दुधाचं माप घालत होता. त्यालाच विचारलं तर तो म्हणाला, माझ्या गोठ्यात जागा नाही. आठवड्यापूर्वी होती.

तेव्हापासून आजोबांच्या कामात एक पायरी वाढली आहे आणि तिचा त्यांना रोज ताप होतो. कुठल्याही खुर्चीचा तळ बंद करण्यापूर्वी ते कापड बाजूला ठेवतात, डब्याचं झाकण लावतात आणि मोकळ्या तोंडाने हाक मारतात, "उपद्व्याप." मग वाट बघतात. पिल्लू समोर येऊन दिसेपर्यंत पहिला खिळा ठोकत नाहीत. पिल्लाला याचं महत्त्व समजलेलं नाही. कधी पलंगाखालून नुसतं शेपटीचं टोक हलतं. आजोबा सांगतात, शेपटी चालणार नाही, सगळं बाहेर ये. कधी ते बाहेर येतं आणि नेमकं उघड्या तळासमोर बसून पंजा चाटायला लागतं, एकेक बोट वेगळं करून, जराही घाई न करता. गिऱ्हाईक दारात उभं असतं, टेम्पो बाहेर हॉर्न वाजवत असतो.

आजोबा हातोडी हातात धरून बसून राहतात, आणि आवाज न चढवता पुन्हा हाक मारतात.